लोहाराची लेक आणि पोटातलं दार

एक होता लोहार. सोमाजी त्याचं नाव. घरात जिकडं बघाल तिकडं लोखंड. विळे, फाळ, खिळे. आणि लेक कोंडाई मात्र पांढरीफटक! भाता ओढायला बसली की धाप लागायची. पुढंपुढं तर उंबरा ओलांडतानाही भिंत धरावी लागायची.

सोमाजी हळहळायचा, "अख्ख्या गावाला लोखंड पुरवतो मी, आणि माझ्याच लेकीच्या अंगात नाही होय?"

आई रोज नाचणीची भाकरी करायची. पोरीला तरतरी यावी म्हणून सोबत वाटीभर कोरा चहा द्यायची. कोंडाई भाकरी चहात बुडवून खायची. तिथंच चुकत होतं, बरं का! पण कुणाला ठाऊक?

मग काय व्हायचं? भाकरीत असायचा लोखंडाचा एक कण, डोळ्यांना न दिसणारा. तो घसरत घसरत आतड्यात जायचा. तिथं एक दार. दारावर बसलेली म्हातारी. दारापलीकडं रक्ताची नदी.

कणानं दार वाजवलं. पण चहानं त्याला घट्ट मिठी मारलेली. म्हातारी म्हणाली, "कोण रे तू? ओळखू येत नाहीस. चल, पुढं हो!" गेला बिचारा वाया.

दुसऱ्या दिवशी दुसरा कण आला. चहा त्याच्याही गळ्यात पडला. म्हातारी खेकसली, "पुन्हा सोंग घेऊन आलास? नीघ!"

अंगणात एक सुकत चाललेली लिंबोणी होती. कोंडाई भिंत धरत धरत जायची आणि आपल्या तांब्यातलं पाणी तिला घालायची. एके दिवशी ती लिंबोणीपाशीच कोसळली. उठवेना. मग लिंबोणी बोलली, "बाई गं, तू मला जगवलंस. आता माझं ऐक. तुझ्या पोटात एक दार आहे, तिथली म्हातारी चहानं मिठी मारलेल्या लोखंडाला ओळखत नाही, आत घेत नाही. भाकरीबरोबर चहा नको, तो मागाहून, दोन-तीन घटकांनी. भाकरीबरोबर मी येते." आणि टपकन एक लिंबू तिच्या ओच्यात पडलं.

आई म्हणाली, "झाड कधी बोलतं का गं? ताप चढलाय तुला." पण पोरीच्या हट्टापायी तिनं भाकरीबरोबर भाजी वाढली आणि तिच्यावर लिंबू पिळलं. चहा चुलीवरच राहिला.

मग तिसरा कण निघाला. लिंबानं त्याचा हात धरला. दारापाशी म्हणालं, "आजीबाई, हा आपल्याच घरचा." म्हातारीनं निरखून पाहिलं. "अगं बाई! ये रे बाळा, कधीची वाट बघतेय!" दार उघडलं. कण नदीत उतरला.

एका दिवसात काही झालं नाही हं. रोज थोडेथोडे कण गेले. महिने गेले. ओठांवर लाली आली. आणि एका सकाळी कोंडाईनं भाता असा ओढला, की ठिणग्या सोमाजीच्या मिशांपर्यंत!

"अगं हळू, भवाने!" तो ओरडला. आणि तिथंच बसून रडला.

मग तिघांनी मिळून लिंबोणीला पाणी घातलं. हात जोडले. तेव्हापासून त्या घरात पहिला घास घेताना सगळे म्हणायचे, "हात धरणाऱ्याचे उपकार, दार उघडणारीचे उपकार." आणि सगळी सुखानं राहिली.

आता मिटा डोळे. तुमच्याही पोटात कुणीतरी दार वाजवतंय. म्हातारी जागी आहे. तुम्ही झोपा.