हौसाची गळती

नदीकाठच्या एका गावात हौसा नावाची एक रंगारीण राहत असे. हाताला भारी गुण, पण मन एका जागी ठरेल तर शपथ! उकळत्या रंगाच्या हंड्यात कापड सोडायची आणि “आलेच हं” म्हणून बाहेर पडायची. वाटेत एखादं अनोळखी फूल दिसलं, की याचा रंग कसा निघेल, या विचारात तिथेच बसायची. इकडे कापड पार काळवंडून जायचं.

नणंदेचं लग्न ठरलं. सासूने मोठ्या आवडीने दोन पांढरे शेले रंगवायला आणले. त्यातला पहिला असाच वाया गेला.

“अगं आळशे, जरा मनावर घेतलंस तर जमणार नाही का?” सासू कडाडली.

“मनावर घेते हो, आत्या. पण मन कधी निघून जातं, तेच कळत नाही,” हौसा रडवेली झाली.

“राहू दे. उरलेला शेला उद्या परगावी रंगवायला देते.”

हौसाला फार लागलं. ती महादेवाच्या देवळात जाऊन बसली. पिंडीवर टांगलेल्या गळतीतून, म्हणजे तळाला भोक असलेल्या भांड्यातून, पाणी टपटपत होतं. हौसाचं मन आधी खांबावरच्या वेलबुट्टीत गेलं, मग मुंग्यांच्या रांगेत. अचानक ती दचकली.

“गुरवकाका, गळती थांबली!”

पिंडीशेजारीच बसलेल्या गुरवाने वर पाहिलं. “खरंच की! तुला गं कसं कळलं?”

हौसा विचारात पडली. थेंब पडत होते तोवर तिला ऐकूही येत नव्हते. थांबले आणि कान टवकारले.

ती धावतच घरी आली. हंड्याशेजारी भोकाचं मडकं टांगून, थेंब वाजावेत म्हणून खाली परात पालथी घातली. आधी चिंध्या रंगवून पाहिल्या आणि रंग चढेपर्यंत मडक्यात किती पाणी पुरतं, ते ठरवलं. मग सासूची विनवणी करून शेला हंड्यात सोडला.

थोड्याच वेळात स्वारी परसातल्या पळसाखाली! सासूच्या ओठांवर हाक आली होती, पण ती दाराची चौकट धरून गप्प उभी राहिली.

टपटप थांबली. फुलं तिथेच टाकून हौसा धावत आली.

शेला कुंकवासारखा लाल निघाला. सासूने तो गालाला लावला. “पोरी, मी तुला उगाच आळशी म्हणत आले गं.”

तेव्हापासून मडकं सासूच भरते आणि म्हणते, “जा, हिंडून ये. पण आवाज ऐकू येईल एवढ्यातच बरं का!” त्या हिंडण्यातूनच गावाला कितीतरी नवे रंग मिळाले.

तात्पर्य एवढंच: भटकणारं मन आपण रागावल्याने परत येत नाही, त्याला ऐकू जाईल अशी हाक शोधावी लागते.