चांदीची घंटा

शेळ्या आपली म्होरकी आपणच निवडत, त्या काळची ही गोष्ट. चांदी नावाची म्होरकी म्हातारपणाने गेली, तेव्हा तिची जड घंटा कळपाने नव्या म्होरकीच्या गळ्यात बांधली. भाराने तिची मान वाके आणि पुढची वाट दिसत नसे. "ही कुठली चांदी!" म्हणत कळपाने एकामागून एक तीन म्होरक्या बदलल्या. खाली चारा संपला. वरचं हिरवं पठार दूरच राहिलं.

चौथी, भुरी, म्हणाली, "घंटा त्या बोरीला टांगा."

"चांदीला विसरलीस?" म्हातारा बोकड खेकसला.

"ती माझी आई होती, आजोबा. पण आज वाट मला शोधायचीय."

मोकळ्या मानेने भुरी चढत गेली. दुपारपर्यंत सगळा कळप पठारावर पोचला. खालून वाऱ्यावर घंटा ऐकू आली.

"ऐकलंस? चांदी खूश आहे," बोकड तोंडभर गवत चावत म्हणाला.