तापलेला कातळ

फार फार जुनी गोष्ट. डोंगर तेव्हा अजून वाढत्या वयाचे होते, असं म्हणतात. अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी भिकोबा नावाचा विणकर राहायचा. घर एका खोलीचं, आणि तीही अर्धी मागानेच अडवलेली.

त्याची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. महिनाच उरला होता. तिच्यासाठी घराला लागून एक खोली काढायची, म्हणून भिकोबाने पाया खणायला घेतला.

हातभर खणलं नाही तोच पहार खणकन वाजली. खाली कातळ! चार दिवस त्याने घाव घातले. पहार वाकली, भिकोबाही वाकला. कातळ होता तसाच.

"अहो, कातळाशी भांडताय की लेकीची खोली बांधताय?" बायकोने विचारलं.

"आज त्याचा निकालच लावतो!"

जुनी रीत त्याला ठाऊक होती. कातळावर दिवसभर जाळ करायचा, मग एकदम गार पाणी ओतायचं, की तो तडकतो. त्याने गाडीभर लाकडं पेटवली. संध्याकाळी निखारे बाजूला सारले आणि पाण्याची घागर उचलली.

इतक्यात एरवी काठीशिवाय न हलणारी शेजारची सटवाआत्या चक्क तुरुतुरु चालत कुंपणाशी आली.

"भिकोबा, तुझं भलं होवो रे! दुपारपासून माझ्या घरातली जमीन अशी छान ऊन लागतेय! गुडघे शेकून निघाले. उद्याही पेटव हो!"

घागर हवेतच राहिली. "आत्या, तुमच्या घराखाली काय आहे?"

"कातळ, दुसरं काय! आमचे हे म्हणाले, पाया खणायचाच कशाला, तो आधीच घातलेला आहे. त्यावरच भिंती चढवल्या. चाळीस वर्षांत एक रेघ नाही पडली."

दोन्ही घरांखाली एकच कातळ आहे, हे भिकोबाच्या ध्यानात आलं. त्याने घागर हळूच खाली ठेवली.

"आत्या, मी आत्ता तुमचं घर पाडायला निघालो होतो."

"मग आधी सांगायचंस की! कोंबड्या तरी बाहेर काढल्या असत्या," म्हणून आत्या खळखळून हसली.

दुसऱ्या दिवशी भिकोबाने कातळ धुऊन लख्ख केला आणि त्यावरच भिंती चढवल्या. पाया आयता मिळाल्यामुळे खोली ठरल्यापेक्षा चार दिवस आधीच उभी राहिली. लेक आली, आणि त्याच खोलीत नातीने पहिला टाहो फोडला. तो सात गावांत ऐकू गेला म्हणे.

म्हणून मंडळी, आड आलेली गोष्ट फोडण्याआधी तिच्यावर कोण उभं आहे, ते पाहावं.