दसऱ्याचा झेंडू

चूक थोरल्या हार्ड डिस्कचीच होती. ती जाडजूड पडद्यांच्या कॉम्प्युटरांच्या काळातली. भालचंद्रने भंगारातला कॉम्प्युटर आणून त्यात घरचं सगळं साठवलं. वारलेल्या बायकोचा आवाज फक्त थोरलीत होता. त्याच डब्यात शेजारी बसवलेली धाकटी डिस्क रिकामीच होती.

एक दिवस थोरली टकटक वाजू लागली.

“आजी, दुखतंय ना?” धाकटीने विचारलं. “मालकाला सांगा. तो सगळं माझ्यात उतरवून घेईल.”

“कालची पोर तू. दसऱ्याला झेंडू मला वाहतात.”

“डब्याला वाहतात, आजी. तुम्ही आत असता.”

थोरलीने मालकाला पडद्यावर ‘सगळं ठीक’ एवढंच कळवलं.

दसऱ्याला भालचंद्रने हळदकुंकू वाहिलं आणि बायकोचा आवाज लावला. थोरली दोनदा टकटकली, मग कायमची थांबली.

तो आवाज भालचंद्रला पुन्हा ऐकायला मिळाला नाही.