सुरय आणि पिवळी कयाक

पाखरं आणि होड्या एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. मालवणपलीकडच्या एका खडकाळ बेटापाशी भांडण ऐन रंगात आलं होतं.

"पण माझं चुकलं काय, मावशी?" पिवळी कयाक विचारत होती. "मला इंजिन नाही, धूर नाही. वल्हं मारलं तरी आवाज होत नाही. त्या धडधडणाऱ्या लाँचला तू कधी काही म्हणत नाहीस."

कयाक जरा मागे सरली, तशी म्हातारी सुरय पक्षीण सकाळपासून चौथ्यांदा खडकावर परत टेकली. तिचे पंख भरून आले होते. उघड्या दगडावर तिची दोन अंडी होती आणि एप्रिलचं ऊन त्यांना भाजून काढत होतं.

"लाँच लांबून ऐकू येते आणि लांबूनच जाते," ती म्हणाली. "तू मांजरीसारखी येतेस आणि एकदम उशाशी उभी राहतेस. मग घाबरून सगळी वस्ती उडते. काल शेजारणीचं अंडं उन्हानं गेलं, ते तुझ्या या शांतपणापायी."

कयाक वरमली, पण हटली नाही. "माझ्यातली ही दोन माणसं एवढं वल्हवत आली, ती प्रेमानंच ना? तुला अंड्यांवर बसलेली बघायचं, एवढीच त्यांची हौस. चार खेपा झाल्या, दर वेळी नुसती उडताना दिसतेस."

सुरयला आता ओरडायचंही त्राण नव्हतं. अंड्यांवर सावली धरून ती म्हणाली, "अगं शहाणे, मी बसलेली बघायची असेल, तर जिथून मला उठावं लागत नाही तिथूनच बघायला हवं."