नावाबाहेरचं सगळं

वाघजाळी गावात भिवा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाकडे दुसरा शब्द होता, तो पोरांदेखत म्हणत नाहीत.

त्याच्या कारभाराला कंटाळून बायको हौसा माहेरी जाऊन बसली. जाताना म्हणाली, "एक काम बिनचूक करून दाखवा. त्या दिवशी नांदायला येते." भिवाला तिच्याशिवाय करमेना. शिवाय भाकरी थापता येईना. मग तो चुलतभाऊ केरबाच्या रेडियमच्या दुकानात कामाला लागला.

रेडियम म्हणजे गाड्यांवर नावं टाकायचा रंगीत चिकट कागद. यंत्र त्यावर अक्षरांच्या नुसत्या रेघा कापून देतं. भोवतीचं जादाचं माणसानं सोलून काढायचं, की नाव उरतं.

"अक्षराबाहेरचं काढ, अक्षर ठेव," केरबा म्हणाला.

"बरं," भिवा म्हणाला.

पहिलं नाव बबन वडेवाल्याचं होतं. भिवानं बाहेरचं सगळं काढलं. अक्षरांच्या आतल्या गोलांना हात लावला नाही, कारण ते बाहेर नव्हते. दोन्ही 'ब' गच्च भरीव निघाले. बबन म्हणाला, "माझ्या गाड्यावर ही भजी कुणी चिकटवली?"

केरबानं कपाळाला हात लावला. "अरं, पोटातलंबी काढायचं असतंय. पोट दिसलं की आधी ते रिकामं करायचं."

"बरं," भिवा म्हणाला.

दुसरं काम तालमीचं. पैलवानाचं चित्र होतं. पैलवानाला पोट होतं, आणि ते चांगलं दिसत होतं. भिवानं ते रिकामं केलं. तालमीच्या भिंतीवर पैलवान लागला आणि त्याच्या पोटातून भिंतीचा गिलावा दिसू लागला. वस्ताद म्हणाले, "ह्याला आधी जेवायला घाला."

केरबानं दात खाल्ले. "मधेच कशाला हात घालतोस? कोपरा धरायचा आन् सावकाश ओढायचं. कितीबी घट्ट बसलं असलं तरी निघतं."

"बरं," भिवा म्हणाला.

तेवढ्यात सरपंच दुकानापुढं येऊन उभे राहिले. केरबा आतून ओरडला, "भिवा, सरपंचांना आत घे." भिवानं सरपंचांच्या धोतराचा कोपरा धरला आणि सावकाश ओढलं. धोतर आत आलं. सरपंच बाहेरच राहिले.

त्या दिवशी केरबा त्याला हाकलूनच देणार होता. पण भिवा रडकुंडीला आला. हौसाच्या वडिलांनी, बाबाजी थोपट्यांनी, नवाकोरा टेम्पो घेतला होता आणि त्यावर नाव टाकायचं काम याच दुकानात आलं होतं. हे काम चुकलं तर हौसा कायमची गेली, हे भिवालाही कळत होतं. केरबाला दया आली.

"मी तालुक्याला जातो," तो दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला. "बाहेर टेम्पो उभा हाय, त्याच्या दारावर नाव लाव. दिवसभर वेळ हाय. नावाबाहेर जादाचं टीचभरबी ठिवू नको. आन् निघंल ते दुकानात साठवू नको, टाकून दे."

"बरं," भिवा म्हणाला.

त्यानं नाव सोललं. पोटं रिकामी केली. दारावर चिकटवलं. मग चार पावलं मागं सरून बघितलं. नावाबाहेर अजून बरंच दिसत होतं. भिवानं बाह्या सरसावल्या.

दिवस मावळायला तो टेम्पोचं दार डोक्यावर घेऊन सासरवाडीला पोचला.

"दार काढून आणलंत?" सासरे म्हणाले.

"दाखवायला आणलं, मामा."

सासऱ्यांनी चष्मा लावला. हौसानं प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवलं. एकही भजं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. "आबा, ह्यांनी खरंच बिनचूक केलंय," ती म्हणाली आणि तिनं बोचकं बांधलं.

सासऱ्यांनी कौतुकानं जावयाची पाठ थोपटली. "चला, टेम्पोतनंच सोडतो दोघांना. कुठं उभा केलाय?"

"भंगारवाल्याकडं."

"कशाला?"

"जादाचा होता, मामा. नावाबाहेरचा. आधी पोट रिकामं केलं. इंजिन जरा घट्ट बसलं होतं, पण कोपरा धरून सावकाश ओढलं."