माईक बंद ठेवलेलं भजनी मंडळ

अगं, तो फोन आधी खाली ठेव आणि ऐक. काल आमच्या चिंचवडात काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या सोसायटीत बायकांचं एक भजनी मंडळ आहे. ते उभं केलं कालिंदीकाकूंनी. आवाज असा की खाली गाडी काढणारा माणूस इंजिन बंद करून ऐकत थांबतो. दर गुरुवारी काकूंच्या हॉलमध्ये सतरंजी पडायची. रजनीमावशी पेटीवर, बाकीच्या हातात टाळ घेऊन गोल करून. काकू एक ओळ म्हणणार आणि बाकीच्या सगळ्या मिळून ती झेलणार. भजन असंच असतं ना, एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं.

मग काकूंच्या मुलानं तळेगावात घर घेतलं आणि काकू तिकडे राहायला गेल्या. नेमकी तेव्हाच भजनस्पर्धा जाहीर झाली. मंडळात कुजबुज सुरू झाली, आता पुढे गायला दुसरी कोणीतरी बघूया. ते काकूंच्या कानावर गेलं. स्वतः उभं केलेलं मंडळ हातातून निसटणार, हे काही त्यांना बघवेना. त्यांनी लगेच ग्रुपवर लिहिलं, सराव व्हिडिओ कॉलवर होईल, मी शिकवीन, नवीन अभंग, नवीन चाल.

रजनीमावशी म्हणाल्या, "त्यापेक्षा आम्हीच येतो की तुझ्याकडे. पेटी घालते रिक्षात."

"जग कुठे चाललंय आणि तू पेटी रिक्षात घालत बसलीयेस," काकू म्हणाल्या.

खरं कारण वेगळंच होतं. समोरासमोर बसलं की कोणीतरी तो दुसऱ्या गाणारीचा विषय तोंडावर काढणार, ही त्यांना धास्ती. कॉलवर कसं, विषय निघाला की नेट गेलं म्हणायचं.

पहिल्या दिवशी सगळ्यांचे माईक चालू होते. टाळ, कुकरच्या शिट्ट्या, कोणाच्या तरी घरची मालिका. त्यात एकीचा आवाज दुसरीकडे पोचेपर्यंत ती पुढच्या ओळीवर. नुसता मासळीबाजार. काकूंनी डोक्याला हात लावला आणि फर्मान काढलं, "सगळ्यांनी माईक बंद करा. मी म्हणते, तुम्ही आपापल्या घरी माझ्याबरोबर म्हणा."

आणि काय सांगू, एकदम मस्त चाललं. प्रत्येकीला काकूंचा आवाज यायचा आणि स्वतःचा, बाकी कोणाचाच नाही. त्यामुळे प्रत्येकीला वाटायला लागलं, अरे, आपण किती सुरेल गातो. काकूंना तर फक्त स्वतःचाच आवाज. समोर चौकटी-चौकटीत माना डोलायच्या, अभंग संपला की ग्रुपवर बदाम आणि टाळ्या. काकू जाम खूश. झेलायची ओळसुद्धा त्याच म्हणून टाकायच्या. माईक बंद म्हटल्यावर झेलणार कोण?

काल स्पर्धा. सगळ्याजणी मोरपंखी साड्यांमध्ये. साड्यांवर मात्र ग्रुपवर बरोब्बर एकमत झालेलं हं. हॉल गच्च भरलेला, मी मागच्या रांगेत.

काकूंनी पहिली ओळ घेतली. काय आवाज लागला होता. मग झेलायची वेळ आली आणि काकूंनी सवयीनं तीही ओळ स्वतःच सुरू केली. त्यावर बाकीच्या येऊन आदळल्या. उषाताई भलत्याच वरच्या पट्टीत, कारण कॉलवर कोणाला ऐकू जात नाही म्हणून त्यांनी इतके दिवस आवाज मोकळा सोडला होता. फडतरेवहिनी सराव करता करता थालीपिठं लावायच्या. त्या दर ओळीच्या मध्ये थांबायला लागल्या. घरी तिथे थालीपीठ उलटायची वेळ व्हायची ना. पेटी बिचारी कोणाच्या मागे जावं या विचारात. तिसऱ्या कडव्याला तर फडतरेवहिनी गप्पच बसल्या. काकूंनी डोळे वटारले.

"तिसरं कडवं पण आहे?" वहिनी हळूच म्हणाल्या. "आमच्याकडे नेट नेहमी तिथेच अडकायचं हो."

हळूच म्हणाल्या, पण माईकसमोर. अख्खा हॉल हसला. मीपण हसले, खोटं कशाला बोलू.

गाणं थांबलं. तेवढ्यात व्यवस्था बघणारे क्षीरसागर सर वाकून काकूंजवळ आले. "ताई, तुमचा आवाज फार गोड आहे," ते म्हणाले. "बाकीच्यांचे माईक बंद करतो. तुम्ही एकट्या म्हणा. पहिला नंबर तुमचाच."

बघ आता. एकट्या गायल्या असत्या तर खरंच जिंकल्या असत्या. नाव राहिलं असतं, आणि दुसरी गाणारी बघायचा विषय कायमचा मिटला असता. काकूंनी मागे वळून पाहिलं. सगळ्या माना खाली घालून बसल्या होत्या, टाळ मांडीवर. रजनीमावशींनी पेटीचा भाता सोडून दिला होता.

"बंद नका करू," काकू म्हणाल्या. "सगळ्यांचे चालू ठेवा."

मग परीक्षक बाईंकडे वळून म्हणाल्या, "माफ करा हं. सराव केलाय आम्ही, पण एकमेकींना ऐकलेलंच नाहीये. पुन्हा म्हणू का?"

"वेळ संपत आलीय," बाई म्हणाल्या. "एक कडवं म्हणा."

काकूंनी काय करावं? ओळीत बसलेल्या सगळ्यांना उठवलं आणि स्टेजवरच गोल करून बसवलं. निम्म्यांची प्रेक्षकांकडे पाठ. "रजनी, सूर दे. उषा, माझ्या तोंडाकडे बघ. वहिनी, थालीपीठ विसरा."

त्यांनी ओळ म्हटली आणि या वेळी गप्प बसल्या, बाकीच्यांसाठी. आवाज आधी जरा चाचपडत आले. उषाताईंनी काकूंकडे बघत पट्टी खाली आणली. दुसऱ्यांदा झेलली तेव्हा सगळ्या बरोबर समेवर. अंगावर काटा आला माझ्या. मागच्या रांगेतल्या आजोबांनी टाळ्यांचा ठेका धरला, मग सगळ्या हॉलनं.

बक्षीस नाही मिळालं. उत्तेजनार्थसुद्धा नाही. पण नंतर बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी सगळ्या उभ्या होत्या, तेव्हा काकू म्हणाल्या, "तुम्हाला पुढे गायला दुसरी कोणी हवी असेल तर आत्ता सांगा. इथे, माझ्या तोंडावर."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी रजनीमावशी म्हणाल्या, "हवी होती. तू लांब गेलीस म्हणून नाही गं. तू आमचं काही ऐकतच नव्हतीस म्हणून. आज ऐकलंस."

"मग?"

"मग काय, तूच गा. आणि येत्या गुरुवारी आम्ही तळेगावला येतोय, सुनेला सांगून ठेव."

"सांगते की. ती म्हणत होतीच, तुमच्या मैत्रिणी का येत नाहीत," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. मग सगळ्यांना अजून एकेक ग्लास रस. ग्रुप अजून आहे, पण आता त्यावर एवढंच ठरतं, किती वाजता निघायचं आणि डबा कोण आणणार.

तात्पर्य काय, तर स्क्रीनवर आपलं म्हणणं सगळ्यांपर्यंत पोचतं, पण समोरच्याचं आपल्यापर्यंत पोचतंय का, हे जवळ बसल्याशिवाय कळत नाही. आणि गाणं असो नाहीतर मैत्री, दुसऱ्याला ऐकल्याशिवाय जमत नाही.

आता तू सांग. भरलेला हॉल, पहिला नंबर हातात, आणि फक्त तुझाच माईक चालू ठेवतो म्हणतायत. काकूंच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?